गाडीचे इंजिन गरम होते? आधी थांबा, मग कारण शोधा

मे महिन्याची सुट्टी, निकाह-वलीम्याचे दिवस, गाडीत बसायला जागा नाही इतकी माणसे, वर सामान, एसी सुरू आणि समोर कुंभार्ली किंवा आंबा घाटाची चढण. इंजिनची खरी परीक्षा इथेच होते. सगळे भाग नीट असतील, तर गाडी ही चढण चढून जाते. टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला, तर समजा की कुठेतरी बिघाड आहे. तो कुठे आहे हे बहुतेक वेळा गाडीच सांगते, फक्त आपण लक्ष द्यायला हवे.

इंजिन थंड कसे राहते?

इंजिनभोवती कूलंट, म्हणजे औषध मिसळलेले पाणी, फिरत असते. वॉटर पंप ते फिरवतो. समोरच्या जाळीमागच्या रेडिएटरमध्ये ते हवेने थंड होते. गाडी उभी असेल तेव्हा हवा ओढायला पंखा असतो. इंजिन पुरेसे तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवण्याचे काम थर्मोस्टॅट करतो.

यातला पाचवा भाग म्हणजे झाकण. साधे पाणी १०० अंशाला उकळते, पण झाकण आत दाब धरून ठेवते, त्यामुळे कूलंट साधारण १२० अंशापर्यंत उकळत नाही. आपल्या घरच्या कुकरचेच हे तत्त्व. शिट्टीच्या कुकरचे झाकण आपण जबरदस्तीने उघडत नाही ना? मग गरम रेडिएटरचेही उघडायचे नाही. दाब सुटला की आतले पाणी एका क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर आणि हातांवर उडते.

रस्त्यात गाडी तापली तर

एसी ताबडतोब बंद करा. काचा खाली घेऊन हीटर पूर्ण सोडा. ऐकायला उलटे वाटते, पण हीटरमध्ये इंजिनचेच गरम पाणी फिरते, म्हणून थोडी उष्णता बाहेर निघते. सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि मुलांना रस्त्यापासून लांब उभे करा. 'पुढे दोन किलोमीटरवर गॅरेज आहे, तेवढं जाऊ' असे म्हणू नका. त्या दोन किलोमीटरमध्ये हेड वाकते, गॅस्केट उडते आणि थोडक्यात भागणारे काम इंजिन खोलण्यावर जाते.

बॉनेटमधून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत उघडू नका. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात, ओढणी, बाही लांब ठेवा. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. निदान अर्धा-पाऊण तास सब्र करा. मग जाड फडके धरून वरचा होज दाबून पाहा. तो कडक लागला तर आत अजून दाब आहे. मऊ लागला तरच झाकण फडक्याने हळूहळू फिरवा. कूलंट कमी असेल तर थोडे थोडे पाणी घाला. ते लगेच पुन्हा उतरले तर गाडी चालवू नका, टो करून न्या.

गाडी कधी तापते, ते पाहा

सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये तापते, चालू लागली की उतरते: संशय पंख्यावर. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा फिरतो. नाही फिरला तर फ्यूज, रिले, वायरिंग किंवा मोटर तपासा.

वेगात किंवा चढणीवर तापते: रेडिएटर आतून चोक किंवा बाहेरून चिखलाने भरलेला, पंप किंवा बेल्ट खराब, किंवा कूलंट कमी. वरातीच्या गाडीवर जाळी झाकेल अशी फुले लावली तरी हेच होते.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते, वरचा होज गरम पण खालचा थंड: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता.

कूलंट वारंवार कमी होते: होज, रेडिएटर, पंप यांची गळती शोधा. बाहेर गळती नाही, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते, तर हेड गॅस्केट गेली असावी. अशी गाडी सुरूच करू नका.

काही छोट्या गाड्यांत काटा नसतो. तिथे निळा दिवा म्हणजे इंजिन थंड, लाल म्हणजे धोका. आणखी एक गोष्ट: कूलंट पूर्ण संपले तर सेन्सर कोरडा पडून काटा खालीही दाखवू शकतो. वाफ किंवा वास आला तर काट्यावर भरवसा ठेवू नका.

मिस्त्रीशी बोलताना

'गाडी गरम होते' एवढेच सांगू नका. कधी, किती वेळाने आणि एसी चालू होता का, तेही सांगा. 'थर्मोस्टॅट काढून टाकू, झंझटच नको' असे कोणी म्हटले तर नवा बसवायला सांगा. तो नसेल तर इंजिन थंडच चालते, पेट्रोल जास्त लागते आणि मूळ बिघाड तसाच राहतो. बोअरचे पाणी भरत राहू नका, त्याच्या क्षारांनी रेडिएटर चोक होतो. कूलंट रंग पाहून नव्हे, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले घ्या. ते चवीला गोड पण विषारी असते, म्हणून मुले आणि मांजरांपासून दूर ठेवा.

महिन्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना, टाकीतली पातळी कमाल-किमान खुणांच्या मध्ये आहे का पाहा. लांबच्या प्रवासाला निघताना पाच लिटर पाणी, जाड फडके आणि टॉर्च गाडीत ठेवा.