जुनी मोटार, परदेशी गिऱ्हाईक आणि जोखमी हुंडी

हैदराबादच्या गौलीगुडा वस्तीत विमाने ठेवण्यासाठी उभारलेली एक प्रचंड पोलादी कमान होती. सन १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ बसगाड्या व १६६ नोकर यांनिशी मार्ग-वाहतुकीचा विभाग सुरू केला, आणि ही कमान बसगाड्यांचे आगार झाली. ५ जुलै २०१८ रोजी ती कोसळली. त्या आरंभकाळच्या आल्बियन गाड्या स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी बनत. त्या काळी यंत्रवाहन समुद्रापलीकडून आपल्याकडे येई. आज तीच वाहने जुनी झाल्यामुळे मौल्यवान ठरली असून त्यांना परदेशी गिऱ्हाईक मिळते. मालाची दिशा उलटली. विक्रेत्याच्या जागी आता आपण आलो.

मराठी संस्थानांनाही हा अनुभव आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकन ड्यूझनबर्ग मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून डौलदार साज चढवून घेतला. ती गाडी पुढे अमेरिकेत गेली. राजकोटच्या ठाकूरसाहेबांसाठी १९३४ साली बनलेली ‘स्टार ऑफ इंडिया’ ही रोल्स-रॉईस १९६८ मध्ये विकली जाऊन परदेशी गेली. २०१० साली त्याच घराण्याने ती लिलावात पुन्हा विकत घेतली. वस्तू एकदा समुद्रापार गेली की ती परत आणण्यास काय सायास पडतात, ते यावरून दिसते. म्हणून विकणाऱ्याने तीन प्रश्नांची उत्तरे आधीच मिळवावीत.

पहिला प्रश्न : ही गाडी देशाबाहेर जाऊ शकते काय? १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावशेषांत मोडू शकते, आणि अशी वस्तू खाजगी माणसास निर्यात करता येत नाही. निजामासाठी १९१२ साली बनलेली पिवळी रोल्स-रॉईस चौमहल्ला राजवाड्यात आहे. अशा गाडीची शंभरी २०१२ सालीच भरली. शंभरी न गाठलेल्या गाडीसही मोकळी वाट नाही. निर्यात-धोरणाच्या सूचीत १ जानेवारी १९५० पूर्वीच्या मोटारी व त्यांचे सुटे भाग परवान्याच्या अटीवर ठेवले गेले आहेत. सूची वेळोवेळी बदलते. म्हणून सौदा ठरविण्यापूर्वी विदेश व्यापार महासंचालनालयाची चालू अधिसूचना पाहावी. परवान्याआधी घेतलेला विसार पुढे कज्जाचे बीज होतो.

दुसरा प्रश्न : गाडी कोणाची? १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे कलम २७ सांगते की विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क आहे, त्याहून अधिक हक्क घेणाऱ्यास सामान्यतः मिळत नाही. आजोबांची मोटार अंगणात उभी असते आणि तिची किल्ली थोरल्या नातवाजवळ असते. एवढ्याने ती एकट्या नातवाची होत नाही. सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी. देवस्थानाच्या नावे असलेल्या गाडीस तर विश्वस्ताचा शब्द पुरत नाही. ठराव आणि कायद्याने लागणारी अनुज्ञा हवी. नोंदणीपत्रावर कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव असल्यास ते उतरवून घ्यावे, आणि सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावा.

तिसरा प्रश्न पैशाचा. येथे आपल्या पूर्वजांची व्यवहारबुद्धी आठवते. गौलीगुड्याला लागूनच बेगम बाजार आहे; अशा पेठांच्या व्यापारास हुंडी नवी नव्हती. पश्चिम किनाऱ्याच्या गलबती व्यापारात तर ‘जोखमी हुंडी’ चाले. माल पाठविणारा माल घेणाऱ्यावर हुंडी लिही आणि ती तिसऱ्या सावकारास काही कमी दामाने विकी. गलबत सुखरूप पोहोचले तर सावकारास पूर्ण रक्कम मिळे. माल बुडाला तर नुकसान त्याचे. पाठविणाऱ्याच्या पदरी मात्र पैसा आधीच पडलेला असे. कर्ज आणि विमा या दोहोंचे काम एकच कागद करी.

आजचे पतपत्र याच गरजेतून आले आहे. परदेशी बँक वचन देते की ठरलेले कागद ठरल्याप्रमाणे सादर झाले, तर आपण पैसे देऊ. त्याचे जागतिक नियम प्रथम १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रचलित आवृत्ती १ जुलै २००७ पासून लागू आहे. बँक गाडी पाहत नाही, कागद पाहते. त्यामुळे नावातील एका अक्षराची चूकही पैसे अडवू शकते. पतपत्र रद्द न होणारे असावे, आणि आपल्या बँकेनेही त्याची हमी घेतलेली असावी.

पतपत्र नसेल तर पूर्ण रक्कम आपल्या खात्यात पक्की जमा झाल्याचे बँकेकडून कळल्यावाचून गाडी हलवू नये. ठरल्याहून अधिक रकमेचा धनादेश पाठवून वरचे पैसे परत मागणारा गिऱ्हाईक बहुधा लुबाडणारा असतो. धनादेश मागाहून खोटा ठरतो आणि परत केलेले पैसे बुडतात.

जहाजाची बिल्टी, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, आपल्या किंवा आपल्या बँकेच्या आदेशाधीन करून घ्यावी. कलम २५ प्रमाणे अशा बिल्टीने मालावरचा ताबा विकणाऱ्याने राखून ठेवला असे मानले जाते. गिऱ्हाइकाच्याच नावे बिल्टी करून ती आधी पाठविली, तर गाडी आणि पैसा दोन्ही त्याच्या मर्जीवर राहतात. वाटेतील विमा कोणी उतरवावा व जोखीम कोठे संपावी, हेही करारात लिहावे. कारण कलम २६ अन्वये, वेगळे न ठरल्यास, जोखीम मालकीबरोबर चालते.

त्या काळची एक आल्बियन बस मुशीराबादच्या बसभवनात जतन केलेली आहे. सगळ्याच घरांना आपले वाहन असे सांभाळता येणार नाही. विकण्यात कमीपणा नाही. परंतु परवाना हाती येईपर्यंत विसार घेऊ नये, आणि पैसा पक्का होईपर्यंत बिल्टी देऊ नये. एवढे पाळणाऱ्यास परक्या देशातील न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग सहसा येत नाही.