पुष्कर सरोवर
राजस्थानातील एक प्राचीन तीर्थ व ब्रह्मदेवाचे प्रमुख क्षेत्र. अजमेरच्या वायव्येस सु. ११ किमी.वर हे सरोवर असून नाग पहाड ही डोंगररांग दोहोंच्या मध्ये आहे. ब्रह्मदेवाच्या हातातील कमळ जेथे पडले तेथे पाणी उद्भवले व त्याने तेथेच यज्ञ केला, अशी कथा पद्मपुराणाच्या सृष्टिखंडात येते. यज्ञप्रसंगी सावित्रीस विलंब झाल्याने गायत्रीस पत्नीस्थानी बसविण्यात आले; तेव्हा सावित्रीने ब्रह्मदेवास शाप दिला. त्यामुळे अन्यत्र त्याचे मंदिर नाही, असे सांगतात. ते अर्थातच खरे नव्हे : गुजरातेत खेडब्रह्मा येथे व गोव्यात ब्रह्मकरमळी येथे ब्रह्मदेवाची मंदिरे आहेत.

महाभारताच्या वनपर्वातील तीर्थवर्णनात पुष्कराची महती विस्ताराने आली आहे. या क्षेत्राचा महत्त्वाचा कोरीव पुरावा मात्र महाराष्ट्रात मिळतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इ. स. दुसऱ्या शतकातील लेख आहे. मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांची सुटका केल्यावर आपण पुष्करास गेलो, तेथे अभिषेक केला आणि तीन हजार गाई व एक गाव दान दिले, असे तो सांगतो. लेखात मंदिराचा उल्लेख नाही. स्नान व दान एवढेच आहे. यावरून जलाचे माहात्म्य वास्तूंहून जुने असावे, असे मानण्यास जागा आहे.

वास्तू मात्र अनेकदा पडल्या व उभ्या राहिल्या. येथील वराहमूर्ती फोडून तलावात टाकविल्याचे जहांगीराने आत्मवृत्तात नमूद केले आहे; तो १६१३ मध्ये अजमेरला आला होता. ब्रह्मदेवाच्या मंदिराला सध्याचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिंद्यांचे कारभारी गोकुळ पारख यांनी दिले. त्या वेळी अजमेर शिंद्यांकडे होते. १८१८ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेले.

सरोवराभोवती ५२ घाट आहेत. कार्तिक पौर्णिमेचे स्नान विशेष पुण्यप्रद समजतात. त्याच सुमारास उंट व गुरांचा मोठा बाजारही भरतो. सरोवर पावसाच्या पाण्यावर अवलंबून असल्याने वाळूचा गाळ, उजाड झालेले डोंगरउतार व भूजलाचा उपसा यांचा त्याला उपद्रव होतो. २००९ मध्ये गाळ उपसण्याचे काम व अपुरा पाऊस एकाच वेळी आल्याने पात्र कोरडे पडले आणि कार्तिकस्नान कूपनलिकांच्या पाण्याने भरलेल्या छोट्या कुंडांत उरकावे लागले. नंतरच्या पावसाने सरोवरात पुन्हा पाणी आले.