पनवेलचा पैसा कुठून आला?

जुन्या तांब्याच्या पैशांचा बाजार सनावर चालतो. अमुक सनाचा पाव आणा, तमुक टांकसाळीची खूण दिसली की दर चढतो. शिवराई मात्र ढिगाने मिळते म्हणून ढिगानेच विकली जाते. इतिहासासाठी हा हिशेब उलटा आहे. तांब्याच्या पैशाच्या बाबतीत खरी दुर्मिळ गोष्ट म्हणजे तो कुठे आणि कोणत्या पैशांबरोबर सापडला याची नोंद, आणि पनवेलसारख्या गावात तिचे मोल सनापेक्षा जास्त धरायला हवे.

मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस पूर्वी मचव्याने खाडीतून पनवेलला उतरे आणि तिथून घाटाची वाट धरी. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा ही वाट अधिकच वाहती झाली. पुढे 1863 मध्ये रेल्वे कर्जतवरून घाट चढली आणि पनवेल बाजूला पडले. तोवर मुंबईचा पैसा आणि देशावरचा पैसा समोरासमोर येण्याची ही जागा होती. मुंबईचा पैसा ईस्ट इंडिया कंपनीचा. 1791 आणि 1794 साली मॅथ्यू बोल्टनच्या बर्मिंगहॅमजवळच्या सोहो कारखान्यात वाफेच्या यंत्रावर पाडलेला, गोल, कडा नेटक्या. एका बाजूला कंपनीचा शिक्का, दुसऱ्या बाजूला तराजू आणि पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. देशावरची शिवराई हातोड्याने पाडलेली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एखादे अक्षर हमखास कडेबाहेर जाते. कुठे ‘शिव’चा ‘सिव’ होतो, कुठे वेलांटी दीर्घ. 1818 नंतरही, कंपनीच्या अमलात, पुण्याकडे शिवराया पडतच होत्या. ओळींमध्ये दोन रेघा असलेल्या दुदांडी शिवराईवर फसली सन सापडतो तो याच काळातला. सरकार बदलले म्हणून बाजाराने पैसा बदलला नाही, एवढे तरी ही रेघांची शिवराई सांगते. 1835 च्या कायद्यांनी कंपनीच्या साऱ्या मुलखाला एकच नाणे लावले, पाव आण्याचे वजन 100 ग्रेन ठरवले, आणि तांबे रुपयाच्या आतल्या देण्यापुरतेच कायदेशीर ठेवले. एक पैसा दुसऱ्यात बदलून देताना सराफ कापे तो बट्टा कागदावर तिथेच संपला. हाताहातांतून शिवराई किती वर्षे फिरत राहिली, हे मात्र कायद्याच्या पुस्तकात शोधून उपयोग नाही. ते गावातल्या जुन्या डब्यांतच सापडेल.

यावर आक्षेप येईल की पैसा फिरण्यासाठीच असतो. तो पनवेलला सापडला म्हणून पनवेलला वापरला गेला, हे कसे म्हणायचे? एकट्या पैशाबद्दल आक्षेप बरोबर आहे. पण एकत्र साठवलेल्या पैशांचे तसे नसते. त्यातला सर्वांत अलीकडचा सन पाहिला की साठा त्याआधी बंद झाला नाही, एवढे पक्के होते. तराजूचा पैसा गुळगुळीत आणि त्याच डब्यातला 1835 चा पाव आणा करकरीत असेल, तर पहिला बराच काळ चालला होता असे मानायला जागा आहे. शिवराया आणि कंपनीचे पैसे यांचे प्रमाण मोजता येते. विकणारा सनाप्रमाणे निवड करून डबा फोडतो, तेव्हा नेमका हाच पुरावा जातो. वर चिंच लावून घासले की झिजेची आणि गंजाची साक्षही गेली. देवघरातल्या भांड्याला जे शोभते ते नाण्याला मारक ठरते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: संग्राहकाने दर दिला नसता तर हे सगळे तांबे तांबटाच्या भट्टीत गेले असते. हे नाकारता येत नाही. तांब्याचा पैसा धातू म्हणूनही विकला जातो, आणि युद्धकाळात तर 1943 साली सरकारनेच तांबे वाचवायला भोकाचा पैसा काढला. 1957 मध्ये नवे पैसे आल्यावर जुना पाव आणा हळूहळू बाद झाला. संग्राहकाने वाचवले ते खरे, पण पैशाच्या पाकिटावर गावाचे नाव आणि सोबतच्या नाण्यांची यादी लिहायला त्याला जास्त खर्च येत नव्हता. 1878 चा निखात निधी कायदा 10 रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवायला सांगतो, आणि त्या कळवण्यात सापडण्याची जागाही मागतो. तो कायदा जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या गोष्टीत दडवलेल्या ठेव्याला लागू आहे. माळ्यावर उघड ठेवलेल्या घरच्या डब्याला तो लागू नाही, म्हणून तिथली यादी पहिल्या विकत घेणाऱ्यानेच करायची आहे.