श्रीरंग अवधूत : परप्रांती रुजलेली गुरुपरंपरा

नर्मदातीरीच्या नारेश्वरी ज्यांना गुजराती भाविक ‘बापजी’ म्हणून वंदन करतात, ते श्रीरंग अवधूत महाराज मूळचे पांडुरंग विठ्ठल वळामे. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील देवळे गावचे; जन्म मात्र २१ नोव्हेंबर १८९८ रोजी गोध्रा येथील. वडील तेथील विठ्ठलमंदिराचे पुजारी होते. त्यांचे प्लेगने अकाली निधन झाले व प्रपंचाचा भार मातोश्री रुक्मिणीबाईंवर पडला.

बालवयात नरसोबाच्या वाडीस वासुदेवानंद सरस्वती तथा टेंबे स्वामी यांचे दर्शन घडले आणि गुरुशिष्यांचे नाते जडले. स्वामींनी १९१४ साली गरुडेश्वरी देह ठेवला, तेव्हा शिष्य अवघा पंधरा वर्षांचा होता. सहवास असा थोडका. पुढील गुरुसेवा घडली ती मुख्यत्वे ग्रंथांच्या मननातून. असहकाराच्या काळात कॉलेज सोडून पांडुरंगांनी गुजरात विद्यापीठाची पदवी घेतली, अध्यापन केले, टॉल्स्टॉयचे लेखन गुजरातीत आणले. १९२५ साली ते नारेश्वरच्या निर्जन रानात तपाला बसले. पुढे मातोश्रींनाही तेथे आणून त्यांनी त्यांची अखेरपर्यंत सेवा केली. वैराग्याआड मातृभक्ती आली नाही, हे विशेष.

परंतु आम्हांस त्यांचे थोरपण आणखी एका गोष्टीत दिसते. गुरूंची ग्रंथसंपदा संस्कृत व मराठीत. शेजारच्या गुजराती शेतकऱ्याला ती कशी उमगावी? १९३५ साली कलोलजवळील सईज येथे महाराजांनी ५२ ओळींची गुजराती ‘दत्तबावनी’ रचली. आज ती गुजरातेत घरोघरी म्हटली जाते. ‘गुरुलीलामृत’ हा विशाल ग्रंथही त्यांनी गुजराती दोह्यांतच सिद्ध केला. त्यात गुरूंचे चरित्र आले आहे. ‘रंगहृदयम्’मधील स्तोत्रे मात्र संस्कृतात आहेत. १९ नोव्हेंबर १९६८ रोजी हरिद्वारी त्यांनी देह ठेवला. अंत्यविधी नारेश्वरी झाला.

बदलीच्या निमित्ताने प्रांतोप्रांती वसलेले आम्ही मराठीजन गणेशोत्सव करतो, नाटके बसवतो, मुलांना मराठी वाचावयास शिकवतो. ते अगत्याचेच आहे. तथापि आपल्यापाशी जे उत्तम आहे, ते शेजाऱ्याच्या भाषेत त्याच्या हाती द्यावे, हा विचार आम्हांला क्वचितच सुचतो. ‘परस्परदेवो भव’ असा महाराजांचा उपदेश होता. कोकणातील एका घराण्याने गुजरातेला जे दिले, त्याने मराठीचे काही उणे झाले नाही. उलट दत्तसंप्रदायाला एक नवे माहेर लाभले.