मोटेवरचा महाल

खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्याकडे जाताना पाचवड, आनेवाडी मागे पडली की लिंब फाटा येतो. तिथून आत, लिंब-शेरीच्या शिवारात, बारा मोटांची विहीर आहे. खंडाळ्याच्या आमच्या घरी पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो. त्यांना पायऱ्या उतरायची घाई असते. दगडात कोरलेले शरभ नावाचे काल्पनिक पशू पाहायचे असतात, महालात फोटो काढायचे असतात. मी आधी त्यांना वर, विहिरीच्या काठावर नेतो. ही जागा मुळात बैलांच्या मोटांनी पाणी उपसायची आहे आणि महाल त्या कामाभोवती बांधलेला आहे, हे काठावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

इथल्या शिलालेखाप्रमाणे बांधकाम शके 1641 ते 1646, म्हणजे इ.स. 1719 ते 1724 या काळातलं. ते करवून घेतलं विरूबाई भोसले यांनी. थोरल्या शाहू महाराजांच्या वाड्यात त्यांच्या शब्दाला मोठं वजन होतं. 1719 मध्येच पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले आणि महाराजांच्या आई येसूबाई मोगलांच्या कैदेतून सुटून आल्या. शाहू महाराज त्याच कैदेतून आधी सुटून आल्यापासून गादीवरून चाललेल्या भाऊबंदकीनंतर साताऱ्याला जरा उसंत मिळाली होती. त्या उसंतीत विरूबाईंनी इथल्या आमराईच्या पाण्याची सोय केली, याचं मला फार मोल वाटतं.

विहीर अष्टकोनी, सुमारे 110 फूट खोल, 50 फूट व्यासाची. तिला जोडून एक उपविहीर, आणि दोन्हींच्या मध्ये महाल. त्याच्या खांबांवर गणपती, मारुती, हत्ती, घोडेस्वार कोरलेले आहेत. भिंतीतल्या जिन्याने वर गेलं की मोकळी बैठक लागते. पंधरा मोटा लावायची सोय आहे असं सांगतात. नाव मात्र बारांचंच पडलं. बारा मोटा म्हणजे निदान चोवीस बैल. ते सगळे एकाच वेळी धावेवर, म्हणजे मोट ओढायच्या वाटेवर, असतील, तर खाली महालात बसलेल्यांना चाकांची करकर आणि थारोळ्यात, म्हणजे मोट ओतायच्या कुंडात, पडणाऱ्या पाण्याचा आवाज दिवसभर ऐकू येत असणार.

आमच्या मळ्यातही मोट होती, त्यामुळे हे मला नुसतं कल्पनेनं सांगावं लागत नाही. मोट चामड्याची, तिला खाली हत्तीसारखी सोंड. तोंडाला जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर. नाडा वरच्या चाकावरून जायचा, सोंदूर थारोळ्याच्या काठावरच्या लाटेवरून, म्हणजे आडव्या रुळावरून. वर येताना सोंदूर सोंडेला दुमडून मोटेच्या तोंडाबरोबर उचलून धरायचा, म्हणून पाणी सांडत नसे. काठाशी आल्यावर तोंड वर चढत राही आणि सोंड थारोळ्यात ओढली जाई. मोट आपोआप रिकामी! कुणी हात लावायचा नाही. धाव उताराची असायची, म्हणजे भरली मोट ओढताना बैलांचं वजनही कामी यायचं. वडील नाड्यावर बसून आपलंही वजन टाकायचे, कधी मला पुढे घ्यायचे. मग बैल पाठमोरे चढ चढत मागे यायचे. हे त्यांना शिकवावं लागे, आणि शिकवणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येई.

लिंबच्या काठावर उभं राहिलं की मला तो गवंडी दिसतो, ज्याने इतक्या मोटा एका विहिरीवर बसवल्या. अष्टकोनाची प्रत्येक बाजू सरळ, त्यामुळे शेजारच्या मोटांचे नाडे एकमेकांत गुंतत नसतील, असा माझा मळेकऱ्याचा अंदाज आहे. शिवाय मधला महाल असा बसवलाय की मोटांना अडसर होत नाही. हे सोपं काम नव्हे.

1910 मध्ये औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करांच्या कारखान्याभोवती किर्लोस्करवाडी वसली. पुढे त्यांचे पंप आणि इंजिनं गावोगाव पोचली तशा मोटा थांबल्या. आमच्याकडेही इंजिन आलं आणि घरात आनंद झाला. बैलांचे आणि माणसांचे हाल वाचले. मोट परत यावी असं मला मुळीच वाटत नाही. पण ती चालवणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

लिंबला जाल तर गावातल्या, नात्यातल्या अशा एखाद्या म्हाताऱ्याला सोबत न्या. काठावर उभं करून विचारा, बैल कुठवर जायचे, पाट कुठे जायचा. तो सांगेल ते लिहून ठेवा.