देवराईतली काटकी

आमच्या गावाकडच्या देवराईत शिरलं की आधी मोबाइलची रेंज जाते, मग ऊन. पुण्याहून बाइकवर दोन-अडीच तास, पानशेतच्या मागच्या डोंगरात. बाहेर उघडीबोडकी टेकडी, आणि आत एकदम हिरडा, जांभूळ, आंबा, वर मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली. मधोमध वाघजाई. मूर्ती नाहीच, शेंदूर फासलेला तांदळा.

आजीची गोष्ट अशी. एकाने नांगरासाठी राईतलं लाकूड नेलं. रात्री वाघ आला. गोठ्यातल्या बैलाला शिवलाही नाही, नांगरापाशी बसून राहिला. लाकूड परत राईत टाकेपर्यंत हलला नाही. मी विचारायचो, "आणि वाळकी काटकी नेली तर?" आजी म्हणायची, "ती पण तिचीच."

बीटेकला असताना मी हे सगळं अंधश्रद्धेच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. मग दामोदर कोसंबी हाती लागले. माणूस गणिती. नोकरी मुंबईत टीआयएफआरला, ये-जा पुण्याहून डेक्कन क्वीनने, आणि वेळ मिळाला की पुण्याभोवतीचे डोंगर पायाखाली. १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त त्यांचा मुद्दा असा, की अशी कितीतरी देवीची ठाणी गावाबाहेर आहेत, कारण ती गावाहून जुनी आहेत. शेती यायच्या आधी माणसं भटकत होती. त्यांच्या वाटा जिथे मिळायच्या तिथे या आया बसल्या. त्या वाटांवर सापडणारी नखाएवढी दगडी हत्यारं हा त्यांचा पुरावा. सगळंच पटलं पाहिजे असं नाही, पण आपल्या वाघजाईकडे बघायची नजर बदलते.

पुढे सत्तरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी देवराया पालथ्या घातल्या. गाडगीळांनी पानशेतबद्दल लिहिलंय ते मला जास्त लागलं. धरणाबरोबर रस्ता आला, रस्त्याबरोबर कोळशाचे व्यापारी. शेतकऱ्यांनी मालकीची झाडं कवडीमोल भावात विकली. टेकड्या बोडक्या झाल्या त्या अशा. आमच्या आजोबांनीही विकली. घरात कोणी लपवत नाही, पैसे हवे होते. पण राईला हात लावला नाही. कायदा आडवा आला नाही, तो नांगरापाशी बसलेला वाघ आला.

आता माझं सांगतो. दोन वर्षांपूर्वी गावच्या ग्रुपवर मेसेज आला: देवीचा जीर्णोद्धार, यथाशक्ती वर्गणी. ऑफिसात मीटिंग चालू होती. टेबलाखालून यूपीआयने ५००१ रुपये टाकले, हात जोडलेली इमोजी टाकली. काय बांधणार, कुठे बांधणार, एक प्रश्न विचारला नाही.

गेल्या रविवारी गेलो. सिमेंटचा सभामंडप, वर निळा पत्रा, खाली चकचकीत फरशी. त्यासाठी सात झाडं गेली. खुंट मीच मोजले. देणगीदारांच्या फरशीवर माझं नाव आहे, आजोबांच्या नावासकट.

काकूला म्हटलं, "झाडं कशाला तोडली?" ती म्हणाली, "अरे, लोक उन्हात उभे राहायचे." मग स्वतःच थांबली. "नाही रे, ऊन तर नव्हतंच तिथं."

बाइकपाशी आल्यावर दिसलं, सॅकच्या पट्ट्यात एक वाळकी काटकी अडकलेली. परत आत जाऊन टाकून आलो.