पत्ता आपला, इंजिन कोणाचंही

422403. हा इगतपुरीचा पिनकोड. पहिला 4 म्हणजे देशाचा पश्चिम विभाग, पहिले तीन आकडे मिळून नाशिकचा सॉर्टिंग जिल्हा आणि शेवटचे तीन म्हणजे इगतपुरीचं पोस्ट ऑफिस. ही पद्धत आली 15 ऑगस्ट 1972 ला, आणि तिच्यामागे होते आपले श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतातले कवी! पत्रावर सगळ्यात वर तुमचं नाव असतं, पण टपाल छाटणारा आधी सगळ्यात खालची ओळ बघतो. आधी जिल्हा, मग पोस्ट, मग गल्ली, मग तुम्ही.

ईमेलचा पत्ता अगदी असाच मागून पुढे वाचला जातो. म्हणूनच गेल्या महिन्यात इगतपुरीच्या मामांना त्यांच्या स्वतःच्या डोमेनवर ईमेल जोडून देताना (हार्डवेअरचं दुकान, गिऱ्हाईक घोटीपासून कसाऱ्यापर्यंत) मला वेलणकर आठवले. जोडणी अर्ध्या तासाची, पण तिच्यामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे मंडळी. आजचा लेख त्याच्यावर.

1980 च्या दशकात बऱ्याच संगणकांमधला ईमेल फोनच्या लाइनवरून, एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर उड्या मारत जायचा. पत्त्यात मधल्या सगळ्या मशीनची नावं उद्गारचिन्हं घालून ओळीने लिहायची. म्हणजे पत्रावर 'इगतपुरी' न लिहिता 'कल्याणला गाडी बदल, कसाऱ्याला उतर, घाट चढ, मग डावीकडे वळ' असं लिहिण्यासारखं. मधला एक जरी गडी बंद पडला तरी पत्र गायब. तिकडे अर्पानेटवर प्रत्येक मशीनचं नाव कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेच्या एकाच फाइलमध्ये असायचं, आणि सगळ्यांनी ती उतरवून घ्यायची. मशीन वाढली तशी फाइल आवरेना. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिसने डीएनएस मांडलं. एकच मोठी यादी ठेवायची नाही, ज्याचा भाग त्याने सांभाळायचा. थोडक्यात, नावांचा पिनकोड.

पण माझ्या मते खरी गंमत जानेवारी 1986 मध्ये झाली. क्रेग पार्ट्रिजने एमएक्स नोंदीचे नियम लिहून काढले. या नोंदीत एवढंच असतं की 'या नावाची पत्रं अमुक मशीनकडे द्या, ते बंद असेल तर तमुककडे'. साधी गोष्ट, पण त्या दिवसापासून नाव आणि यंत्र वेगळे झाले. पत्ता तुमचा, पेटी कुणाचीही.

हे इगतपुरीकरांना समजावून सांगायलाच नको. 1930 मध्ये मुंबईकडून इगतपुरीपर्यंत विजेची गाडी आली, 1500 व्होल्ट डीसीवर. पुढे भुसावळच्या दिशेने वीज आली ती 25 हजार व्होल्ट एसी. त्यामुळे कित्येक वर्षं लांबच्या गाड्यांचं इंजिन इगतपुरीला बदलायचं. गाडीचं नाव तेच, डबे तेच, तुमचा बर्थ तोच. खाली उतरून चहा घेईपर्यंत पुढचं इंजिन निराळं! एमएक्स नोंद बदलणं म्हणजे नेमकं हेच.

मग आपल्याकडे ही सोय लोकांना केव्हा मिळाली? डॉट इन हे नाव भारताला 1989 मध्ये मिळालं आणि त्याचा कारभार मुंबईत जुहूच्या एनसीएसटीकडे होता. पण ते जग संशोधकांचं. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला, व्हीएसएनएलकडून (पुन्हा 15 ऑगस्ट!). मुंबईकरांच्या तेव्हाच्या पत्त्यात ॲटनंतर 'जीआयएएसबीएम01' असं काहीतरी यायचं. म्हणजे गेटवे इंटरनेट ॲक्सेस सर्व्हिस, बॉम्बे, मशीन नंबर एक. इकडे दहा वर्षांपूर्वी नाव आणि यंत्र वेगळे झाले होते, आणि आपण यंत्राचं नाव अभिमानाने व्हिजिटिंग कार्डावर छापत होतो. सेवा सुरुवातीला महानगरांतच. इगतपुरीहून जोडायचं तर मुंबईला एसटीडी लावा.

नोव्हेंबर 1998 मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं. त्यानंतर बीएसएनएलचं संचारनेट गावोगाव पोचलं. तेव्हाच्या कित्येक पत्त्यांत गावाचा संक्षेप चिकटलेला असायचा, नाशिकसाठी 'एनएसके'. जो कनेक्शन देईल त्याच्याच नावाचा पत्ता, हीच रीत पडली. आणि ती महागात पडली. व्हीएसएनएल हे नावसुद्धा 2008 मध्ये इतिहासजमा झालं, कंपनी टाटा कम्युनिकेशन्स झाली.

मामांचंही तसंच झालं. त्यांचा जुना पत्ता एका इंटरनेट कंपनीचा होता. कंपनीचं नाव सांगत नाही, तिचं दुकान आता नाही. बिलबुकावर, पाटीवर, टेम्पोच्या मागे, सगळीकडे तोच पत्ता. सेवा बंद झाली आणि पुढे काही महिने घाऊक व्यापाऱ्यांची दरपत्रकं कुठल्या कुठे जात राहिली. पोस्टाला अर्ज केला तर पत्रं नव्या पत्त्यावर वळवतात. इथे अर्ज कुणाला करणार? मोबाइल नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय आपल्याला जानेवारी 2011 मध्ये देशभर मिळाली, तीही नियम करून. ईमेलसाठी असा नियम आलाच नाही. पण स्वतःचं डोमेन असेल तर ती सोय 1986 पासून आहे.

डॉट इन सगळ्यांसाठी खुलं झालं फेब्रुवारी 2005 मध्ये. त्याआधी कागदपत्रांचा डोंगर होता. 2014 पासून तर देवनागरीत डॉट भारतही मिळतं. नाव घ्यायचं, मेल सांभाळणारा निवडायचा, त्याने दिलेल्या एमएक्स नोंदी डोमेनच्या पॅनेलवर टाकायच्या. सोबत एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी न विसरता टाका. पहिली सांगते की या नावाने पत्र पाठवायची परवानगी कोणाला, दुसरी म्हणजे पाकिटावरची लाख. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू याबाबत कडक झालेत, या नोंदी नसतील तर तुमचं पत्र थेट स्पॅममध्ये जाऊ शकतं. आणि पुढे कधी कंपनी बदलायची वेळ आली, तर आदल्या दिवशी नोंदीचा टीटीएल 300 सेकंदांवर आणा, म्हणजे जग जुनी नोंद फार वेळ धरून बसत नाही.

आता एक कटू सत्य. डोमेनही आपल्या मालकीचं नसतं, भाड्याचंच असतं. नूतनीकरण चुकलं तर दुसरा कोणी ते नाव घेऊ शकतो आणि तुमच्या बँकेचे पासवर्ड बदलायचे मेल त्याच्या पेटीत पडतील. म्हणून डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका, आणि भाडं पाच-पाच वर्षांचं एकदम भरून टाका.

मामांनी विचारलं, "आता ही कंपनीपण बुडाली तर?" म्हटलं, "मामा, बुडू दे. आपण इंजिन बदलू." टेम्पो रंगवायचा खर्च वाचला, हे त्यांना लगेच पटलं :)